एफडी आरएक्स-७ सिंगल टर्बो करताना व्हॅक्यूम होज कसे लावायचे

माझदा आरएक्स-७ च्या तिसऱ्या पिढीचं, म्हणजे एफडीचं बॉनेट उघडून वरचा इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनाला हवा वाटून देणारा भाग) उचलला की खाली जे दिसतं ते पाहून पहिल्यांदा कुणाचंही धाबं दणाणतं. सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणाऱ्या छोट्या झडपा, एकाला एक लागून बसलेले, आणि त्यांच्यातून बोरूएवढे काळे होज एकमेकांत गुंतून चारी दिशांना गेलेले. त्यातला एखादा चिमटीत धरून वाकवला की वाळलेल्या शेंगेसारखा कट्कन मोडतो. सिंगल टर्बो करताना, म्हणजे मूळचे दोन टर्बो काढून एकच बसवताना, हा सगळा गुंता निघतो. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की होजचं काम संपलं, आता टर्बो बसवला की झालं.

गेली अनेक वर्षं मी मेलबर्नला घराच्या गॅरेजमध्ये या गाड्यांवर काम करतो आहे. माझा अनुभव उलट आहे. होज सत्तर-ऐंशीवरून आठ-दहावर येतात हे खरं. पण जुन्या गुंत्यात एखादा होज सुटला तर बहुतेक वेळा दुसरा टर्बो चालू होत नाही, गाडी आळसावते, आणि तुम्ही घरी येता. सिंगल टर्बोत उरलेल्या आठ-दहांपैकी चारांवर थेट इंजिनाचा जीव टांगलेला असतो. म्हणून हे काम शेवटच्या रविवारी संध्याकाळी उरकायचं नाही, टर्बो विकत घेण्याआधी कागदावर मांडायचं.

मुळात इतके होज होते कशाला

एफडी १९९१ च्या अखेरीस जपानमध्ये आली आणि २००२ पर्यंत बनत राहिली. तिच्या १३बी-आरईडब्ल्यू या रोटरी (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या) इंजिनाला, ६५४ सीसीच्या दोन रोटर चेंबर्सना, हिताचीचे दोन टर्बो एकापाठोपाठ एक चालायचे. साधारण ४५०० आरपीएमपर्यंत सगळा एग्झॉस्ट पहिल्या टर्बोला. त्याच वेळी थोडासा वायू दुसऱ्याकडे वळवून त्याला आधीपासून फिरवत ठेवायचं, आणि ४५०० च्या आसपास झडपा उघडून दोघांना एकत्र कामाला लावायचं. त्यासाठी टर्बो कंट्रोल, प्री-कंट्रोल, चार्ज कंट्रोल, चार्ज रिलीफ अशी झडपांची फौज, प्रत्येकीला डायाफ्राम (हवेच्या दाबाने हलणारा पडदा), प्रत्येक डायाफ्रामला सोलेनॉइड, त्याशिवाय एक व्हॅक्यूमची टाकी, एक दाबाची टाकी आणि मध्ये हवा एकाच दिशेने जाऊ देणारे चेक व्हॉल्व्ह. हे सगळं संगणकाच्या सांगण्यावरून चालायचं, पण हालचाल व्हायची ती हवेच्या जोरावर.

ही रचना वाईट नव्हती. बाथर्स्टची १२ तासांची शर्यत आरएक्स-७ ने १९९२ ते १९९४ सलग तीन वेळा जिंकली. तुमच्या गाडीचे मूळ टर्बो धडधाकट असतील आणि रस्त्यावर रोज चालवायची असेल, तर जुने होज बदलून मूळ रचना जपणं हाच मी पहिला सल्ला देईन. सिंगलचा विचार करायचा तो मूळ टर्बो संपले असतील, किंवा मूळ टर्बोच्या आवाक्याबाहेरची ताकद खरोखर हवी असेल तरच.

आणखी एक गोष्ट आधीच बघून घ्या. ऑस्ट्रेलियात अशा बदलाला इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं आणि प्रदूषणाची सामग्री काढता येत नाही. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायला आडवं येतं. ट्रॅकची गाडी असेल तर गोष्ट निराळी.

आधी कागद

एक मोठा कागद घ्या. मध्ये इनटेक मॅनिफोल्ड काढा, एका बाजूला टर्बोचा कंप्रेसर, दोघांच्या मध्ये इंटरकूलर आणि थ्रॉटल. आता ज्या ज्या वस्तूला हवेचा संदेश लागतो तिचं नाव लिहा आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: हिला व्हॅक्यूम हवा, बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) हवा, की दोन्ही?

मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा), फ्युएल प्रेशर रेग्युलेटर (पेट्रोलचा दाब सांभाळणारा), ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद केल्यावर अडलेली हवा सोडणारा) आणि बूस्टचा काटा यांना दोन्ही लागतं. म्हणजे यांचा होज थ्रॉटलच्या मागून, मॅनिफोल्डवरूनच यायला हवा. ब्रेक बूस्टरला फक्त व्हॅक्यूम लागतो. तोही मॅनिफोल्डवरूनच, पण मध्ये चेक व्हॉल्व्ह. वेस्टगेटला, म्हणजे जादा एग्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेला, फक्त बूस्ट लागतो, आणि तो मी नेहमी कंप्रेसरच्या तोंडावरच्या निपलवरून (होज चढवायच्या छोट्या नळीवरून) घेतो. कॅनिस्टरच्या (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याच्या) पर्जला, म्हणजे ती वाफ इंजिनात ओढून घेणाऱ्या वाटेला, मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम लागतो, पण बूस्ट तिकडे जाता कामा नये.

एवढं नीट मांडलं की निम्मं काम झालं. मी ज्या बिघडलेल्या गाड्या पाहिल्या त्यांतल्या बहुतेकांत होजचा दर्जा चांगला होता. होज चुकीच्या जागेवरून घेतलेला होता. थ्रॉटलच्या पुढच्या निपलवरून ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह जोडला तर थ्रॉटल बंद केल्यावर त्याला व्हॅक्यूम मिळतच नाही, मग तो उघडणार कसा? एखाद्या निपलबद्दल शंका असेल तर इंजिन आयडलवर ठेवून त्यावर बोट ठेवा. बोट ओढलं गेलं तर निपल थ्रॉटलच्या मागचं आहे.

उघडणं

बॅटरी काढा. फ्युएलचा दाब उतरवा, कारण सोलेनॉइडांच्या रॅकच्या खालूनच फ्युएलचे होज जातात आणि तेही तेवढेच जुने असतात. ते याच वेळी बदला, मागाहून तिथे हात पोचत नाही. इंजिन पूर्ण थंड असू द्या.

वरचा मॅनिफोल्ड काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या. काढल्यावर पुन्हा घ्या. आणि प्रत्येक होज काढण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावून एकच नंबर लिहा. हे सगळं टाकूनच द्यायचं आहे, मग नंबर कशाला, असं वाटेल. पण मॅप सेन्सरचा, ऑइल नोझलचा (इंजिनात थोडं ऑइल सोडणाऱ्या तोंडांचा), टाकीच्या वाफेचा होज याच गुंत्यातून गेलेला असतो आणि तो ठेवायचा असतो. मोडलेले जुने होज काढताना त्यांचे तुकडे मॅनिफोल्डच्या पोर्टमध्ये पडतात, म्हणून पोर्टवर आधी स्वच्छ फडकी कोंबा, आणि किती कोंबली ते मोजून लिहून ठेवा.

जुना होज निपलवर चिकटलेला असतो. तो पकडीने ओढू नका, प्लास्टिकचं निपल मुळातून तुटतं. नव्या पात्याने होजला लांबीच्या दिशेने हलकी चीर द्या आणि केळीच्या सालीसारखा उलगडा. पातं निपलवर टेकवायचं नाही, कारण त्यावर पडलेला ओरखडा पुढे हवेची वाट होतो.

बंद करायची भोकं

रॅक निघाला की मॅनिफोल्डवर बरीच निपल मोकळी राहतात. बाजारात मिळणाऱ्या रबरी टोप्या यासाठी वापरू नका. त्या व्हॅक्यूमसाठी बनवलेल्या असतात. बूस्टखाली काही महिन्यांत त्यांच्या डोक्याला चीर पडते, आणि ती चीर मॅनिफोल्डखाली असल्याने दिसत नाही. आयडलला इंजिन थोडं अडखळतं, लोक आठवडाभर स्पार्क प्लग बदलत बसतात.

पक्कं काम म्हणजे निपल काढून, भोकाला आटे पाडून, सीलंट लावून पितळी प्लग बसवणं. हे फक्त मॅनिफोल्ड इंजिनावरून काढलेला असताना करायचं. ॲल्युमिनियमचा एक बारीक कीस रोटरच्या वाटेला गेला तर एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरची सील) आणि हाउसिंग दोन्ही खराब करतो. आटे पाडणं जमणार नसेल तर साधी युक्ती आहे: जाड सिलिकॉन होजचा ३० मिलिमीटरचा तुकडा घ्या, एका टोकात गुळगुळीत मानेचा बोल्ट घाला, दुसरं टोक निपलवर चढवा, दोन्हीकडे क्लॅम्प लावा. दिसायला ओबडधोबड, पण वर्षानुवर्षं टिकतं.

एअर कंट्रोल व्हॉल्व्ह काढणार असाल तर त्या जागी प्लेट आणि नवं पॅकिंग. जुन्या पॅकिंगवर नवी प्लेट बसवण्याचा मोह टाळा.

होज कुठला

एफडीची बहुतेक लहान निपल ३.५ ते ४ मिलिमीटरच्या होजला बसतात, काही ६ ची. पण अंदाजावर जाऊ नका, व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक निपल मोजा. त्यावर ताणून बसणारा होज हवा, सहज सरकणारा नको.

सिलिकॉन उष्णतेला चांगला, साधारण १८० अंश सेल्सिअसपर्यंत आरामात टिकतो, म्हणून मॅनिफोल्डच्या आसपास मी तोच वापरतो, पण जाड भिंतीचा. पातळ भिंतीचा स्वस्त सिलिकॉन बूस्टला फुगतो आणि व्हॅक्यूमला चपटा होतो. पेट्रोल आणि इंजिन ऑइल मात्र सिलिकॉनला चालत नाही. तो सुजतो, मऊ पडतो. म्हणून पेट्रोलच्या वाफेच्या, ऑइलच्या वाफेच्या आणि ऑइल नोझलच्या वाटेवर त्या त्या कामासाठीचा रबरी होजच लावा. ही चूक फार होते, कारण सगळं एकाच निळ्या रंगात छान दिसतं.

रोटरीची एक अडचण वेगळी आहे. तिचा इनटेक आणि एग्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला असतात. वर थंड हवा, खाली लालबुंद होणारा टर्बाइन, आणि मध्ये हातभर जागा. टर्बाइनच्या वरून एकही होज नेऊ नका. वेस्टगेटचा होज तिथे न्यावाच लागतो, त्याचं पुढे बघू.

कापताना नवं पातं आणि खाली लाकूड. पकडीने कापलं तर टोक लंबगोल होतं आणि बसत नाही. निपलवर किमान १२ ते १५ मिलिमीटर आत गेला पाहिजे. वळण दहा रुपयांच्या नाण्याच्या कडेने जेवढं पडतं त्याहून घट्ट नको. इंजिन माउंटवर हलतं आणि मॅप सेन्सर बॉडीवर असतो, म्हणून अशा प्रत्येक होजला तीन-चार सेंटीमीटरची सैल कमान ठेवा. ताणलेला होज पहिल्या जोरदार गिअर बदलाला निपलची कड कुरतडू लागतो.

मॅप सेन्सर

हा पहिला लावायचा आणि याला स्वतंत्र निपल द्यायचं. संगणक पेट्रोल किती सोडायचं ते याच्या आकड्यावरून ठरवतो. याच होजवर टी (तीन तोंडांचा सांधा) लावून ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह जोडला तर व्हॉल्व्हचा डायाफ्राम हलताना होजातली हवा ओढतो आणि सेन्सरला मॅनिफोल्डच्या दाबाऐवजी ती ओढाताण दिसते.

हा होज सुटला तर काय होतं ते आकड्यांत बघा. आयडलला मॅनिफोल्डमध्ये समुद्रसपाटीच्या हवेच्या निम्म्याहून कमी, म्हणजे सुमारे ०.४५ बार दाब असतो. सुटलेला सेन्सर १ बार सांगतो, संगणक दुपटीहून जास्त पेट्रोल ओततो, इंजिन भिजून बंद पडतं. त्रासदायक, पण इंजिन वाचतं. हेच १ बार बूस्टला घडलं तर खरा दाब २ बार, सेन्सर सांगतो १, आणि पेट्रोल निम्म्यावर येतं.

सेन्सर निपलपेक्षा वर बसवा आणि होज उतरता ठेवा, म्हणजे आत जमलेला ओलावा खाली परत जाईल. मूळ गाडीत या वाटेवर एक छोटा फिल्टर असतो, तो नवा घालून ठेवा. मध्ये कुठे होज खाली झोळीसारखा लोंबला तर तिथे पाणी साठून सेन्सर उशिरा बोलू लागतो.

फ्युएल प्रेशर रेग्युलेटर

या एका होजबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण याच होजने माझं एक इंजिन गेलं.

रेग्युलेटरचं काम असं: होज काढलेला असताना रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब समजा ३ बारवर बांधला. होज जोडला की आयडलच्या ०.५५ बार व्हॅक्यूमला तो २.४५ वर येतो, आणि १ बार बूस्टला ४ वर जातो. इंजेक्टरच्या दोन्ही तोंडांमधला फरक मात्र कायम ३ बार राहतो. हाच फरक पेट्रोल ढकलतो.

आता बूस्टवर असताना हा होज निपलवरून निघाला. रेलचा दाब ३ वर अडकतो, मॅनिफोल्डमध्ये १ बार आहे, फरक उरला २ बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे पेट्रोल साधारण १८ टक्क्यांनी कमी झालं. हवा-पेट्रोलचं प्रमाण ११ वर ठेवलेलं असेल तर ते एकदम साडेतेरावर. मॅप सेन्सर शाबूत असल्यामुळे संगणकाला यातलं काहीच कळत नाही. गाडी थांबत नाही, अडखळतही नाही, उलट क्षणभर जास्त जोरात धावल्यासारखी वाटते. मग नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी भडका), आणि एपेक्स सीलचा तुकडा पडतो. पिस्टनचं इंजिन एखादा फटका सहन करतं. रोटरी क्वचितच करते.

माझ्या बाबतीत कारण क्षुल्लक होतं. ४ मिलिमीटरचा सिलिकॉन निपलवर चढत नव्हता, म्हणून मी त्याच्या टोकाला इंजिन ऑइलचा एक थेंब लावला. मस्त सरकून बसला. झिप टाय लावला, घट्ट वाटला. पंधरवड्याने तिसऱ्या गिअरमध्ये तोच होज तसाच मस्त सरकून निघाला. नंतर हातात घेतला तेव्हा त्याचं टोक आतून चकचकीत आणि मऊ पडलं होतं, आणि झिप टाय होजवर जागच्या जागी होता, जसा मी बांधला तसाच.

तेव्हापासूनचे माझे नियम. रेग्युलेटरला मॅनिफोल्डवर स्वतंत्र निपल, मध्ये टी नाही. होज चढवताना साबणाचं पाणी, तेही अगदी थोडं, ते वाळतं आणि होज धरून बसतो. निपल आधी अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं. दोन्ही टोकांना होजच्या मापाचा छोटा स्प्रिंग क्लॅम्प. झिप टाय वापरायचाच असेल तर तो निपलच्या फुगीर भागाच्या मागे बसला पाहिजे, फुगीरावर नाही. सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्या दिवशी होज बोटांनी धरून ओढून बघायचा. हाताला सरकला तर बूस्टला नक्की सरकेल.

मूळ गाडीत या वाटेवर गरम इंजिन चालू करताना दाब वाढवणारा एक सोलेनॉइड होता. सिंगलवर मी तो काढून थेट जोड देतो. सांध्यांची संख्या कमी होते, आणि इथे प्रत्येक सांधा धोक्याचा आहे.

वेस्टगेट आणि बूस्ट कंट्रोल

बाहेरच्या वेस्टगेटला बहुधा दोन निपल असतात. बाजूचं निपल डायाफ्रामच्या खाली जातं: तिथे बूस्ट आला की गेट उघडतं. वरचं निपल स्प्रिंगच्या बाजूला जातं: तिथे बूस्ट दिला की तो स्प्रिंगला मदत करतो आणि गेट बंद राहतं. ही दोन उलटी लागली तर गेट उघडणारच नाही आणि बूस्ट आकाशाला भिडेल. म्हणून गेट गाडीवर चढवण्याआधी टेबलावर ठेवा, बाजूच्या निपलला सायकलच्या पंपाने हवा द्या आणि झडप उचललेली डोळ्यांनी बघा.

पहिली चालवणूक फक्त स्प्रिंगवर करायची. कंप्रेसरवरून एक होज थेट बाजूच्या निपलला, वरचं निपल हवेत मोकळं. मध्ये टी नाही, सोलेनॉइड नाही. ०.७ बारची स्प्रिंग असेल तर काट्यावर तेवढ्याच्या आसपास बूस्ट दिसला पाहिजे. होज बरोबर असूनही आरपीएमबरोबर बूस्ट चढतच राहिला तर दोष गेटच्या मापात किंवा त्याला जाणाऱ्या पाइपच्या कोनात आहे, ते आधी निस्तरा. कंट्रोलर लावून ते झाकलं जात नाही.

स्प्रिंगवर गाडी शांत चालली की मग तीन तोंडांचा सोलेनॉइड. त्याच्या तोंडांचे नंबर कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे आकृतीवर विसंबू नका. वीज न देता तोंडाने फुंकून बघा कोणती दोन तोंडं जोडलेली आहेत, मग १२ व्होल्ट देऊन पुन्हा फुंका. जोडणी अशी:

१. कंप्रेसरवरून आलेल्या होजला टी. तिची एक शाखा सरळ बाजूच्या निपलला, कायमची.
२. दुसरी शाखा सोलेनॉइडच्या त्या तोंडाला, जे वीज नसताना बंद असतं.
३. सोलेनॉइडचं मधलं, सामायिक तोंड वेस्टगेटच्या वरच्या निपलला.
४. वीज नसताना मधल्याशी जोडलेलं तिसरं तोंड छोट्या फिल्टरमधून हवेत.

यामुळे वायर तुटली, फ्यूज उडाला, सोलेनॉइड मेला, तरी वरचं निपल हवेत मोकळं राहतं आणि बूस्ट स्प्रिंगवर येतो. जोडणी पुरी झाली की सोलेनॉइडचा कनेक्टर काढून एक फेरी मारा आणि हे खरंच घडतं ना ते बघा.

आता उष्णता. बाजूच्या निपलचा होज वितळला तर गेट उघडायचं थांबतं, म्हणजे हा होज जळणं हे जवळजवळ ते निपल उलटं लावण्याइतकंच वाईट. म्हणून कंप्रेसर ते वेस्टगेट हा पूर्ण पल्ला मी टेफ्लॉनच्या आत, बाहेर स्टीलची जाळी अशा होजने करतो, दोन्हीकडे आट्यांची फिटिंग, साधारण एएन-४ मापाची. परवडत नसेल तर शेवटचा फूटभर तांब्याची किंवा स्टीलची बारीक नळी वळवून घ्या आणि रबर त्यापासून लांब ठेवा. जाळीचा होज दुसऱ्या कशावर घासू देऊ नका, तो करवतीसारखा कापतो. माझ्या गाडीत त्याने एका वायरचं आवरण तांब्यापर्यंत नेलं होतं.

ब्लो-ऑफ आणि ब्रेक

ब्लो-ऑफ व्हॉल्व्हला ६ मिलिमीटरचा, आखूड होज, स्वतःच्या निपलवरून. बारीक आणि लांब होज असेल तर तो उशिरा उघडतो आणि तेवढ्यात कंप्रेसरमध्ये हवा मागे आदळते. पोर्टिंग केलेल्या (पोर्ट मोठे केलेल्या) इंजिनाला आयडलचा व्हॅक्यूम कमी असतो, त्यामुळे स्प्रिंगही हलकी लागते. एफडी मॅप सेन्सरवर चालते, म्हणून हवा बाहेर सोडली तरी पेट्रोलचा हिशेब बिघडत नाही.

ब्रेकच्या होजला काटकसर नाही. जाड, आतून धाग्याने मजबूत केलेला, खास ब्रेक बूस्टरचाच होज. मोठ्या मापाचा साधा सिलिकॉन आतल्या आत चपटा होतो आणि पेडल लाकडासारखं कडक लागतं. चेक व्हॉल्व्ह तोंडाने तपासा: बूस्टरकडून इंजिनाकडे हवा जावी, उलट अजिबात नाही. उलटा बसला तर बूस्टरला व्हॅक्यूम कधीच मिळणार नाही. याच्यावर दुसरं काही टी लावून जोडू नका.

बूस्टच्या काट्याचा होज कॉकपिटमध्ये नेत असाल तर फायरवॉलमधून रबरी बुशातून न्या. मी हल्ली विजेचा काटाच लावतो, म्हणजे एक होज कमी.

वाफा, टाकी आणि ऑइल नोझल

ऑइल भरायच्या गळ्यावरच्या निपलना कॅच कॅनकडे (वाफेतलं ऑइल गोळा करणाऱ्या डब्याकडे) न्या, आणि तिथून टर्बोच्या आधीच्या पाइपला किंवा फिल्टरला. मॅनिफोल्डला जोडलं तर बूस्ट क्रँककेसमध्ये शिरतो आणि टर्बोच्या सीलमधून ऑइल बाहेर फेकलं जातं.

पेट्रोलच्या टाकीची वाफ कॅनिस्टरकडे येते. तो होज टोपी लावून बंद करू नका. टाकीला श्वास लागतो. कॅनिस्टर ठेवा, पर्जच्या वाटेवर बूस्ट अडवणारा चेक व्हॉल्व्ह ठेवा.

रोटरीच्या ऑइल नोझलना हवेचे बारीक होज असतात. ते मूळ जिथून हवा घेत होते, त्याच प्रकारच्या स्वच्छ हवेच्या जागी परत जोडा. इतर व्हॅक्यूमच्या होजांत मिसळू नका आणि बंदही करू नका. जुन्या गुंत्याबरोबर हे चुकून कचऱ्यात जातात, नंबर लावायला सांगितलं ते यासाठीच.

चालू करण्याआधी

हाताच्या व्हॅक्यूम पंपाने रेग्युलेटर आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्हच्या डायाफ्रामना व्हॅक्यूम द्या. काटा एक मिनिट स्थिर राहिला पाहिजे.

मग दाबाची चाचणी. टर्बोच्या तोंडाला बसेल अशी पाइपची टोपी करा, तिला टायरचं व्हॉल्व्ह बसवा. ऑइलची टोपी काढून ठेवा, नाहीतर गळती क्रँककेसमध्ये दाब साठवते. कंप्रेसरने हळूहळू ०.५ ते ०.७ बारपर्यंत हवा द्या, त्याहून जास्त नाही, आणि टोपीच्या समोर उभे राहू नका. रोटरी आतून थोडी हवा सोडतेच, म्हणून काटा उतरला तर घाबरू नका. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फवारा. आधी कान लावा, मग बुडबुडे बघा. मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला आरसा आणि टॉर्च लागतो.

इंजिन चालू केल्यावर तीन आकडे वहीत लिहा: गरम इंजिनाचा आयडल व्हॅक्यूम, रेग्युलेटरचा होज काढून रेलचा दाब, आणि होज जोडून दाब. शेवटच्या दोघांतला फरक व्हॅक्यूमएवढाच यायला हवा. ०.५५ बार व्हॅक्यूम आहे आणि दाब फक्त ०.३ ने उतरला, तर त्या होजमध्ये कुठेतरी गळती किंवा घडी आहे. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि माझ्या मते संपूर्ण कामातली सगळ्यात मोलाची.

पहिली धाव डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर), वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) लावून, फक्त स्प्रिंगच्या बूस्टवर. फ्युएलच्या दाबाचा काटा समोर हवा. बूस्ट जेवढा चढतो तेवढाच तोही चढला पाहिजे, बारला बार. मागे पडला की त्याच क्षणी पाय उचला.

पहिल्या २०० किलोमीटरनंतर इंजिन थंड करून सगळे क्लॅम्प पुन्हा बघा, कारण सिलिकॉन गरम-थंड होताना बसतो आणि सैल पडतो. टोक पांढुरकं किंवा ताणलेलं दिसलं तर एक सेंटीमीटर कापून पुन्हा चढवा, त्यासाठी ती कमान ठेवलेली असते. रंग ठरवून घेतले तर ही तपासणी सोपी जाते. माझ्याकडे मॅपचा काळा, रेग्युलेटरचा निळा आणि ब्लो-ऑफचा लाल. सुरुवातीला काढलेला तो कागद, प्रत्येक होजचं माप, लांबी आणि बसवल्याची तारीख लिहून, प्लास्टिकमध्ये घालून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आहे. दर दोन वर्षांनी रेग्युलेटर आणि मॅपचे होज, चांगले दिसत असले तरी, मी बदलतो आणि कागदावर नवी तारीख टाकतो.